पत्र मिळाले, मजकूर समजला

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्याला प्रश्न विचारणाऱ्यांची काही कमी नसते. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनीवाले विचारतात, आणि घरी फोन केला की आई विचारते, "जेवलीस का?" तोंडी उत्तर कसे द्यायचे हे शिकवणारे क्लासेससुद्धा बर्डीवर आहेत. पण लेखी उत्तर, तेही एकाच वेळी दोन-तीनशे जण वाचणार आहेत असे उत्तर, कसे द्यायचे हे मात्र कुणी शिकवत नाही. "त्यात काय शिकायचं? रिप्लाय दाबायचं, टाइप करायचं, सेंड करायचं. झालं!" असेच बहुतेकांना वाटते. मला ते पटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आता कॉन्व्हेंटची मुलगी मराठी विभागात काय करून राहिली, असेही कुणी विचारेल. त्याला कारण आहे. आमच्या शाळेत लेटर रायटिंग अगदी घोटून घेतले. पत्ता कुठल्या बाजूला, 'युवर्स फेथफुली' कधी आणि 'युवर्स सिन्सिअरली' कधी, याला मार्क असायचे. पण पत्राचे उत्तर लिहिताना समोरच्याचे पत्र आधी पुढ्यात ठेवायचे असते, ही गोष्ट मला कळली ती मराठी पत्रांमुळे. ते कसे, ते पुढे सांगते. आधी आपल्या हॉस्टेलचे हाल पाहू.

सगळ्यांना जाणाऱ्या मेलला उत्तर देणाऱ्यांचे आपल्याकडे पाच पंथ आहेत.

पहिला 'नोटेड मॅम' पंथ. रेक्टर मॅडम सगळ्यांना कळवतात की रविवारी सकाळी टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा. लगेच साठ-सत्तर जणी 'रिप्लाय ऑल' दाबून 'नोटेड मॅम' कळवतात. टाकीत पाणी नाही, पण इनबॉक्सला पूर! या पुरात दुपारी आलेली 'टाकीचे काम पुढच्या रविवारी' ही मेल वाहून जाते, आणि त्या रविवारी सगळा मजला बादल्या भरून बसतो.

दुसरा 'सेम हिअर' पंथ. एकाने लिहिले, माझ्या रूमचा कुलर पाणी गाळतो. लगेच तीस जणांचे 'सेम हिअर'. पण रूम नंबर कुणीच लिहीत नाही. इलेक्ट्रिशियन दादांनी काय तीसही जणांची दारे वाजवत फिरायचे? नागपूरच्या मे महिन्यात?

तिसरा 'गुगल कर ना बे' पंथ. यांना उत्तर माहीत असते की नाही हे कधीच कळत नाही. कारण ते देतच नाहीत.

चौथा पंथ दुसऱ्याच्या मांडवात आपले लग्न लावणाऱ्यांचा. गॅदरिंगच्या वर्गणीची जुनी मेल उघडायची, तिच्यावर रिप्लाय दाबायचे आणि हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चौकशी करायची. ज्याला कॅल्क्युलेटर सापडलाय तो वर्गणीची मेल कशाला उघडेल?

आणि पाचवा पंथ एका शब्दात उत्तर देणाऱ्यांचा. 'हो.' 'ओके.' 'डन.' हा पंथ सर्वात निरुपद्रवी वाटतो. पण माझ्या पाहण्यात सर्वात मोठे नुकसान याच पंथाने केले.

एका फर्स्ट इयरच्या मुलीची ही गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ती शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती. तिने सगळ्यांना मेल पाठवून दोन प्रश्न विचारले. गेल्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला चालतो का? की नवीन काढावा लागतो? मेल इंग्रजीत होती, कारण कॉलेजच्या मेलवर मराठीत लिहिले तर हसतील असे तिला वाटले. इंग्रजी मोडकेतोडके होते. त्यावरही हसलेच. एका विद्वानाने तिची वाक्ये दुरुस्त करून सगळ्यांना परत पाठवली. दोघातिघांनी हसण्याची चित्रे टाकली. एकाने 'वेबसाइटवर दिलंय, वाच' असे सांगितले. आणि एका सिनिअरने, ज्याने तो फॉर्म स्वतः तीन वेळा भरला होता, उत्तर दिले : 'हो.'

हो म्हणजे काय? तिने तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर समजून जुना दाखला जोडला. फॉर्म परत आला, नवीन दाखला जोडा म्हणून. मग बाबांनी तलाठ्याकडे खेटे घातले, तहसील कचेरीत चकरा मारल्या, मध्ये दोन सुट्ट्या आल्या, आणि मुदत संपली. त्या वर्षीची फी त्यांनी कापूस विकायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भरली. नंतर कुणीतरी त्या सिनिअरला विचारले, तर तो खरोखर आश्चर्याने म्हणाला, "अरे, मी सांगितलं होतं ना! हो, नवीन काढावा लागतो म्हणून!"

म्हणजे पाहा, उत्तर बरोबर होते. मनात वाईट काही नव्हते. तरी पोचले ते उलटेच. ती मुलगी त्यानंतर सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर काहीही विचारत नाही. मला जास्त वाईट याचे वाटते. फी कशीतरी भरली जाते. पण विचारणे एकदा बंद झाले की ते परत सुरू होणे फार कठीण.

आता मराठी पत्राकडे येते. आमच्या घरी एका ट्रंकेत जुनी पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे आहेत. सुट्टीत ती वाचताना एक गंमत लक्षात आली. जवळपास प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच. 'तुझे ता. १२ चे पत्र मिळाले. मजकूर समजला.' आधी मला हसू आले. पत्र मिळाले नसते तर उत्तर लिहिले असते का? पण विचार केल्यावर कळले की हे दोन वाक्यांचे काम तीन माणसांचे आहे. एक, पोच मिळाली. दोन, कुठल्या पत्राचे उत्तर आहे ते कळले, कारण पोस्टात पत्रे एकमेकांना ओलांडून जायची आणि १२ तारखेच्या पत्राला १८ तारखेच्या पत्राचे उत्तर समजण्याचा घोटाळा सहज व्हायचा. तीन, यानंतर लिहिणारा एकेक मुद्दा घ्यायचा : 'तू बी-बियाण्याबद्दल विचारलेस, तर...', 'ताईच्या स्थळाबद्दल लिहिलेस, त्याबाबत...' वाचणाऱ्याला आपणच काय विचारले होते हे आठवत बसावे लागायचे नाही.

सरकारी कागद पाहा. आपल्याच नोटीस बोर्डावरचे कुठलेही मराठी परिपत्रक वाचा. वर 'विषय'. त्याखाली 'संदर्भ', म्हणजे कुठल्या पत्राच्या, कुठल्या तारखेच्या संबंधात हे लिहिले आहे. शेवटी 'प्रत माहितीसाठी', म्हणजे हे आणखी कुणाकुणाला कळवले आहे. आपण या भाषेला कंटाळवाणी म्हणतो. पण आपल्या ईमेलमध्ये दुसरे काय आहे? 'सब्जेक्ट' म्हणजे विषय. 'सीसी' म्हणजे प्रत माहितीसाठी. टाइपरायटरवर कागदांच्या मध्ये कार्बन पेपर घालून जी नक्कल काढायचे, त्या 'कार्बन कॉपी'चे हे लघुरूप. आणि 'संदर्भ'? तोही आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक मेलला 'मेसेज-आयडी' नावाचा स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो. तुम्ही रिप्लाय दाबले की तुमच्या मेलच्या हेडरमध्ये 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत आधीच्या मेलचा तो क्रमांक आपोआप लिहिला जातो. 'रेफरन्सेस' या ओळीत मागच्या मेलींचे क्रमांक जमत जातात. १९८२ च्या ईमेलच्या प्रमाण नियमांत, म्हणजे आरएफसी ८२२ मध्ये, या ओळी आहेत. एका चर्चेच्या सगळ्या मेली एकाखाली एक लागतात त्या मुख्यतः या क्रमांकांच्या आधारावर.

म्हणूनच तो चौथा पंथ, जुन्या मेलवर रिप्लाय दाबून नवा विषय काढणारा, घोटाळा करतो. सब्जेक्ट बदलला तरी आतला संदर्भ जुन्याच चर्चेचा राहतो, आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये त्याचा कॅल्क्युलेटर वर्गणीच्या ढिगाऱ्यातच जाऊन पडतो. नवा विषय असेल तर नवी मेल लिहावी. इतके साधे आहे.

आता उत्तर कुठे लिहायचे, हा प्रश्न. दोन चाली आहेत. पहिली चाल : आपले उत्तर सगळ्यात वर लिहायचे आणि खाली मागची सगळी वरात तशीच ठेवायची. रिप्लायवर रिप्लाय येत गेले की खाली दोनशे ओळींचे शेपूट तयार होते आणि ते कुणीच वाचत नाही. दुसरी चाल जुनी आहे, आणि माझ्या मते चांगली. समोरच्याच्या मेलमधल्या ज्या ओळींना उत्तर द्यायचे तेवढ्याच ठेवायच्या, त्यांच्या डाव्या बाजूला बाणाच्या टोकाची खूण असते, आणि प्रत्येक ओळीच्या खाली आपले उत्तर लिहायचे. बाकीचे सगळे काढून टाकायचे. त्या मुलीला असे उत्तर मिळाले असते तर?

> गेल्या वर्षीचा दाखला चालतो का?

नाही.

> की नवीन काढावा लागतो?

हो. आजच घरी फोन कर, वेळ लागतो.

एक मिनिटाचेही काम नाही. एका वर्षाची फी वाचली असती.

असे उत्तर देण्याचे मला माहीत असलेले सर्वात ठसठशीत उदाहरण मात्र कॉम्प्युटरच्या फार आधीचे आहे. आणि ज्यांचे आहे त्यांचे नाते आपल्या नागपूरशीच आहे. दीक्षाभूमीवर आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. ही गोष्ट त्याच्या वीस वर्षे आधीची.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना आपल्या १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. बाबासाहेबांनी भाषण लिहिले. मंडळींनी ते आधी वाचले आणि काही भाग गाळावा अशी विनंती पत्राने केली. बाबासाहेबांनी पत्रानेच नकार दिला. परिषद बारगळली. तेव्हा मे १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात त्यांनी मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही सुरुवातीलाच छापला. वाद काय झाला, हे वाचणाऱ्याला कुणाच्या सांगण्यावरून नाही, तर दोन्ही बाजूंच्या पत्रांवरून कळावे म्हणून.

पुढे जुलै १९३६ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात या भाषणावर लेख लिहिले. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले होते. त्यांना बाबासाहेबांचे म्हणणे मान्य नव्हते. पण त्यांनी काय केले पाहा. ज्याचे म्हणणे मान्य नाही त्याची दखल स्वतःच्या साप्ताहिकात घेतली, आणि सुधारकांना या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही असे आपल्याच वाचकांना सांगितले. पुस्तकाची आठ आणे किंमत जास्त आहे, ती कमी असायला हवी होती, अशी कुरबूरही केली! म्हणजे लोकांनी मूळ वाचावे, हे त्यांनाही हवे होते.

बाबासाहेबांनी याला उत्तर दिले ते १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. तिथे त्यांनी आधी गांधीजींचे लेख जोडले. मग आपले उत्तर. उत्तराच्या सुरुवातीला दखल घेतल्याबद्दल आभार आहेत. नंतर आपल्या भाषणातले मुद्दे कोणते होते ते क्रमाने मांडले आहेत आणि त्यांना उत्तर मिळालेले नाही हे दाखवले आहे. आणि त्यानंतर एकेक आक्षेप घेऊन जे धारदार लिहिले आहे, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. कुठेही मुळमुळीतपणा नाही. पण 'गांधी असे म्हणाले' एवढे सांगून त्यांनी वाचकाला आपल्या भरवशावर ठेवले नाही. हे घ्या त्यांचे म्हणणे, हे घ्या माझे, ठरवा तुम्ही. म्हणून इतक्या वर्षांनी आपण दोन्ही वाचू शकतो.

हा प्रसंग मला इतका महत्त्वाचा का वाटतो? कारण उत्तर देण्याच्या शिष्टाचाराचा आपण चुकीचा अर्थ लावतो. आपल्याला वाटते शिष्टाचार म्हणजे गोड बोलणे, 'रिस्पेक्टेड सर' लिहिणे, वाद टाळणे. मुळीच नाही! शिष्टाचार म्हणजे समोरच्याचे म्हणणे न मोडता-तोडता पुढे ठेवणे, आणि मग त्याच म्हणण्याला उत्तर देणे. हे केले की कितीही कडक लिहा. आणि हे केले नाही तर कितीही गोड लिहिले तरी ते उत्तर नव्हेच. दोघांच्या बोलण्यात ही काळजी थोडी कमी असली तरी चालते, कारण 'काय म्हणालास?' असे लगेच विचारता येते. पण सगळ्यांना जाणाऱ्या उत्तराचा खरा वाचक हा तिसरा माणूस असतो. जो आज गप्प आहे, सुट्टीवर गेलाय, किंवा पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन येणार आहे. उत्तर त्याच्यासाठी लिहायचे.

परदेशातही लोकांना हेच ठेचा खाऊन कळले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी १८५५ नावाची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली, इंटरनेटवर वागावे कसे याची. तिच्यातल्या दोन सूचना मला फार आवडल्या. एक, रागात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबवा, मग पाठवा. (आपल्या भाषेत, साबुदाण्यासारखे रात्रभर भिजत घाला. सकाळी निम्मे तरी मऊ होते.) दुसरी, सगळ्यांना प्रश्न विचारला असेल तर आलेल्या उत्तरांचा सारांश सगळ्यांना कळवा. ही दुसरी सूचना आपल्याकडे कुणीच पाळत नाही. ज्याला उत्तर मिळाले तो खुश, बाकीचे परत पहिल्यापासून विचारायला मोकळे.

आणि 'रिप्लाय ऑल'चे म्हणाल तर हॉस्टेलचा पूर काहीच नाही. १४ नोव्हेंबर २०१६ ला इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीची मेल चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेली. त्यावर लोकांनी 'मला ही मेल का आली?', 'माझे नाव काढा' असे रिप्लाय ऑल केले, आणि मग 'कृपया रिप्लाय ऑल करू नका' असेही रिप्लाय ऑलच केले! दवाखान्यांची मेल व्यवस्था कित्येक तास रेंगाळली. शिकलेसवरलेले डॉक्टर होते त्यांत. म्हणजे हा प्रश्न हुशारीचा नाही, सवयीचा आहे.

यावर दोन आक्षेप येतील हे मला माहीत आहे.

पहिला, 'इतका वेळ कुणाला आहे?' सबमिशनच्या आठवड्यात तर नाहीच. मान्य. पण हिशेब करा. तुमचे वीस सेकंद वाचवायला तीनशे जणांनी दहा-दहा सेकंद घालवले, तर पन्नास मिनिटे गेली. इंजिनिअर आहोत ना आपण? एफिशियन्सी कुठे गेली?

दुसरा आक्षेप, 'मेल आता कोण वाचतं? सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं.' तर व्हॉट्सअ‍ॅपवरही मेसेज बोटाने उजवीकडे सरकवला की तो तुमच्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतो. ही तीच बाणाच्या टोकाची चाल, आणि तेच 'तुझे ता. १२ चे पत्र मिळाले'. सोय बोटाखाली आहे. तरी शंभर मेसेजनंतर कुणीतरी नुसते 'हो' टाकतो आणि अख्खा ग्रुप विचारतो, 'कशाला हो?'

आता स्टाफमधल्या वाचकांना आदरपूर्वक थोडे. सर, मॅडम, आम्ही चुकतो तेव्हा तुम्ही रागावता, आणि रागवायलाच हवे. पण काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. सगळ्या हॉस्टेलला सूचना पाठवताना आमचे पत्ते 'बीसीसी'त टाकले तर कुणीही रिप्लाय ऑल दाबले तरी ते आम्हा सगळ्यांना जात नाही. 'नोटेड मॅम'चा पूर उगमापाशीच थांबतो. एखाद्या विद्यार्थ्याने आजारपणाबद्दल किंवा घरच्या अडचणीबद्दल तुम्हाला एकट्याला लिहिले, तर उत्तर देताना त्याला न विचारता आणखी चौघांना सीसी करू नये. त्याने विश्वासाने लिहिलेले पत्र खाली तसेच चिकटून जाते, आणि मग कॉरिडॉरमध्ये त्याची चर्चा होते. आणि तिसरे, 'मला माहीत नाही, स्टुडंट सेक्शनला विचार' हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे. आम्हाला त्याचा राग येत नाही. राग येतो तो काहीच न येण्याचा.

तर मग करायचे काय? मी माझ्यापुरते काही नियम ठरवले आहेत. भिंतीवर चिकटवायचे असतील तर खुशाल चिकटवा.

१. आधी पूर्ण मेल वाचा. प्रश्न किती आहेत ते मोजा. दोन असतील तर उत्तरेही दोन द्या.

२. ज्या ओळीला उत्तर द्यायचे ती ओळ ठेवा, बाकीचे शेपूट कापा. पण कापताना समोरच्याचा अर्थ कापू नका. अर्धे वाक्य उचलून त्यावर तुटून पडणे ही लबाडी आहे.

३. सेंड दाबण्यापूर्वी 'टू'ची ओळ पाहा. आभार, अभिनंदन आणि 'नोटेड' हे एकट्याला. सगळ्यांच्या उपयोगाचे असेल तेच सगळ्यांना.

४. कुणाची चूक दाखवायची असेल तर एकट्याला लिहा. पण चुकीची माहिती सगळ्यांना गेली असेल, तर दुरुस्ती सगळ्यांनाच गेली पाहिजे. तिथे भीड नको.

५. एकट्याला आलेली मेल तिच्या मालकाला विचारल्याशिवाय पुढे ढकलू नका.

६. नवा विषय, नवी मेल. सब्जेक्टमध्ये 'अर्जंट' किंवा 'हेल्प' नको. 'रूम २१४, कुलर गळतो' असे लिहा.

७. राग आला असेल तर साबुदाणा आठवा.

८. प्रश्न तुमचा असेल तर शेवटी दोन ओळींत सारांश कळवा : असे असे उत्तर मिळाले, काम झाले.

नववा नियम मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण माझ्या मते तोच सर्वात मोठा. ज्या भाषेत प्रश्न आला, त्या भाषेत उत्तर द्या, आणि व्याकरण तपासू नका. मला इंग्रजी शाळेने दिले. त्यात माझे कर्तृत्व काय? आईबाबांनी कुठल्या शाळेत घातले एवढाच तो योगायोग. जी मुलगी बारावीत पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकातून फिजिक्स वाचून इथपर्यंत पोचली, ती माझ्याहून जास्त अंतर चालून आली आहे. तिने दाखल्याबद्दल विचारले होते, तिच्या टेन्सबद्दल नाही. प्रश्नाला सोडून प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर देणे, यापरता उद्धटपणा नाही. आणि तो अगदी शुद्ध इंग्रजीतही करता येतो.

नव्या सेशनला फर्स्ट इयरची नवी मंडळी येतील. कुणी गडचिरोलीहून, कुणी गोंदियाहून, कुणी इथेच धरमपेठेतून. फॉर्म, फी, मेस, बॅकलॉग, सगळ्याबद्दल ती विचारतील. काही प्रश्न बावळट वाटतील. आपलेही वाटले होते. त्यांना पहिल्या महिन्यात जशी उत्तरे मिळतील, त्यावर ती पुढची चार वर्षे विचारणार की गप्प बसणार हे ठरेल. हॉस्टेलमध्ये रॅगिंग बंद आहे असे आपण अभिमानाने सांगतो. मग मेलवरचे हे हसणेही बंद व्हायला हवे.

माझे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. पटले नसेल तर जरूर लिहा. संपादक मंडळ पुढच्या अंकात जागा देईल अशी आशा आहे. फक्त एक विनंती. माझी कुठली ओळ पटली नाही ती आधी जशीच्या तशी उतरवून काढा, आणि मग तिच्या खाली मला हवे तेवढे रागवा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स